८५० फुटांत बसायचं कुठं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कर्वेनगरमधली तुमची सोसायटी १९८४ सालची, तीन मजली, बारा फ्लॅट. पुनर्विकासाचा प्रस्ताव आलाय. आत्ताच्या ६२० चौरस फूट कार्पेटच्या जागी ८५० मिळणार, लिफ्ट मिळणार, गाडीला जागा मिळणार. बिल्डरने त्याच्या दुसऱ्या साइटवरचा सँपल फ्लॅट दाखवला, सगळे सभासद खूश झाले. तुमची आई मात्र सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर म्हणाली, "छान आहे, पण बसायचं कुठं?" हॉलमध्ये सात माणसं मावतील एवढा सोफा समोर होता. हा वयाचा हट्ट समजायचा, की आपल्याच नजरेतून काहीतरी सुटतंय, असं तुम्ही विचारलंय.

सुटतंय. पुण्यात सत्तावीस वर्षं वास्तुविशारद म्हणून काम करतोय, त्यातली गेली दहा-बारा वर्षं जास्त करून पुनर्विकासाचीच. कधी सोसायटीच्या बाजूने टेबलाला बसलोय, कधी बिल्डरच्या. त्यामुळे आईंचा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून बऱ्याचदा ऐकू आलाय, आणि उत्तर देणाऱ्यांत एकेकाळी मीही "सवय होईल हो" म्हणणाराच होतो.

आधी एक गोष्ट कबूल करतो. तुमचा प्लॉट मी पाहिलेला नाही. तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे, शेजारची इमारत किती जवळ आहे, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (दुसऱ्या प्लॉटवरचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन इथे वापरणं) सहसा वापरता येत नाही आणि मग ८५० चा आकडाच तपासून बघावा लागेल. इमारतीच्या कॉलममधलं लोखंड फुगून काँक्रीट सुटायला लागलं असेल तर गॅलरीच्या आठवणीत रमण्यात अर्थ नाही, इमारत पाडलीच पाहिजे. हे सगळं गृहीत धरून पुढचं वाचा.

तुमच्या इमारतीच्या वयाच्या पन्नासेक इमारती तरी मी टेप लावून मोजल्यात, त्यामुळे न बघता थोडं वर्णन करून बघतो. बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या. खोलीची उंची दहा फूट. प्रत्येक खिडकीवर छज्जा. खिडक्या लाकडी, उभे गज, वरची दारं वेगळी आणि खालची वेगळी, म्हणजे खालची लावून घेतली की रस्त्यावरून कुणाला दिसत नाही आणि वरून वारा चालू राहतो. हॉलला लागून साडेचार फूट रुंदीची गॅलरी, मोझेक टाइलची, लोखंडी ग्रिलवर उगवत्या सूर्याची नक्षी. त्या गॅलरीत एक खुर्ची. तिच्यावर बसून आई सकाळी भाजी निवडतात, दुपारी पेपर वाचतात, संध्याकाळी खालून जाणाऱ्याला "काय हो, आज उशीर?" विचारतात. बरोबर असेल तर आईंनी "बसायचं कुठं" विचारलं ते त्या खुर्चीच्या जागेबद्दल.

सोफ्यावर बसणं आणि त्या खुर्चीत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोफ्यावर माणूस घरात असतं. गॅलरीत ते घरातही असतं आणि रस्त्यावरही. वाड्यात हेच काम ओटा करायचा, मग ओसरी करायची, चाळीत समोरची लांब गॅलरी करायची. मी याला घराचा काठ म्हणतो. तुमच्या प्रस्तावात खोल्या वाढल्यात आणि काठ गेलाय.

तो का जातो, हे नीट समजून घ्या, कारण यात बिल्डर खलनायक आहे असं मला वाटत नाही. हा सगळा मोजमापाचा खेळ आहे. पूर्वी आपल्याकडे ठराविक मर्यादेपर्यंत बाल्कनी चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या एफएसआयच्या हिशेबात, धरत नसत. म्हणजे बाल्कनी फुकटात मिळायची, म्हणून दिली जायची, आणि ताबा मिळाल्यावर लोक ती बंद करून खोलीत घ्यायचे. मुंबईत तर बाल्कनीबरोबर फ्लॉवर बेडसुद्धा मोजायचे नाहीत, त्यामुळे एक रोपटं नसलेले फ्लॉवर बेड घरोघरी निघाले. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईत हे सगळं मोजणीत घेतलं आणि बदल्यात राहत्या इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जास्तीचा, एफएसआय दिला. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित नियमावली आली, तिच्यात पी-लाइन आली. इमारतीच्या बाहेरच्या रेषेच्या आत जे जे येईल ते सगळं मोजायचं, भिंतींची जाडी आणि बाल्कनीसकट. त्या बदल्यात प्रीमियम, म्हणजे शुल्क, भरून राहत्या इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचा, एफएसआय मिळतो. पळवाट बुजवली हे चांगलंच झालं, पण पुढची गंमत बघा.

२०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवर नियमन करणाऱ्या कायद्यात, कार्पेटची व्याख्या आहे. तिच्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) आणि बाल्कनी धरत नाहीत. आता बिल्डरच्या खुर्चीत बसा. बाल्कनीचा एकेक फूट त्याच्या एफएसआयमधून वजा होतोय, आणि तोच फूट तुमच्या कार्पेटमध्ये मात्र दिसत नाहीये. सर्वसाधारण सभेत बारापैकी अकरा सभासद विचारतात, "कार्पेट किती देणार?" समोर तीन बिल्डरची टेंडरं, आणि तुलनेचा तक्ता कार्पेटवर लावलेला. मग जो शहाणा आहे तो बाल्कनी कापतो आणि कार्पेट वाढवून जिंकतो. थोडक्यात, आईंची खुर्ची तुमच्याच सोसायटीच्या तक्त्याने उचलली.

दुसरी गोष्ट छज्जाची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे फुकटात मिळण्यासारखं असूनही कुणी मागत नाही. ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फुटांपर्यंतचा छज्जा मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, काढता येतो, तो मोजला जात नाही. तरी नव्या इमारतींवर तो दिसत नाही. एक कारण दिसण्याचं: सपाट, काचेचा चेहरा "प्रीमियम" वाटतो म्हणे. दुसरं कारण साइटवरचं. बऱ्याच नव्या इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, ज्याला साइटवर सगळे मायवान म्हणतात. भिंती, स्लॅब सगळं एकसंध काँक्रीट. काम झपाझप होतं, प्लास्टर जवळजवळ लागत नाही. पण छज्जा म्हणजे त्या साच्यात कटकट, म्हणून तो ड्रॉइंगवरच गळतो. वर ही भिंत सहा इंचांची, आणि काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा लवकर आत येते. एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता अशा पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. तव्यासारखी नसते, पण झोप उडवायला पुरते. बाहेरच्या भिंतींना एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे) वापरले तर फरक पडतो, हे विचारून घ्या.

छज्जा काय करतो ते आकड्यांत सांगतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, आणि दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर अडीच फुटांचा छज्जा पावणेतीन फूट सावली देतो. खालून थोडं ऊन आत येतं, जे थंडीत हवंच असतं. एप्रिलमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, त्यामुळे तोच छज्जा पूर्ण खिडकी झाकतो. म्हणजे दक्षिण सोपी. पश्चिम अवघड. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला सूर्य पश्चिमेला साधारण ३३ अंशांवर असतो. तेव्हा त्याच छज्जाची सावली जेमतेम दीड फूट उतरते. खालचे अडीच फूट उघडे, आणि ऊन थेट पलंगापर्यंत. आणि पुण्यात, मुंबईतही, उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा येतो तोही पश्चिमेकडूनच. ऊन अडवायला खिडकी बंद केली की वारा गेला. वारा हवा म्हणून उघडली की ऊन आत.

पावसाचंही तेच. छज्जा नसलेली खिडकी जून ते सप्टेंबर बंदच राहते. मग भिंतींना येणाऱ्या ओलीबद्दल लोक रंगवाल्याला शिव्या घालतात.

या पश्चिमेच्या कोड्यावरचं सगळ्यात चांगलं उत्तर मी विद्यार्थी असताना पाहिलं ते मुंबईत कंबाला हिलवर. चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा, १९८३ ची, २८ मजली, ३२ फ्लॅट. समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, आणि झोडपणारं ऊन-पाऊसही पश्चिमेचंच. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून आकाशात नेला: फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या, आणि राहत्या खोल्या त्यांच्या आत सरकवलेल्या. ऊन-पावसाचा मार गच्ची खाते, खोलीला वारा मिळतो. ती श्रीमंतांची इमारत आहे, हे मान्य. पण कल्पना श्रीमंतांची नाही. तुमच्या ग्रिलवरच्या उगवत्या सूर्यामागची साडेचार फुटांची गॅलरी तेच काम पन्नास पैशांत करतेय.

आता माझी चूक सांगतो. २००६ च्या सुमारास कोथरूडमध्ये एक इमारत केली. प्रत्येक खोलीला बाल्कनी दिली म्हणून मी मोठ्या ऐटीत होतो. बाल्कन्या तीन फुटी. दोन वर्षांनी एका दुरुस्तीच्या निमित्ताने परत गेलो तर सोळापैकी चौदा बंद केलेल्या. एकाने तिथे फ्रीज ठेवला होता, एकाने देवघर केलं होतं, बाकीच्यांनी स्लायडिंग लावून खोली तीन फुटांनी लांबवली होती. मला राग आला. एका काकूंना म्हटलंही, "अहो, कशाला बंद केलीत?" त्यांनी उरलेल्या उघड्या बाल्कनीत एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाल्या, "बसा." बसलो. गुडघे कठड्याला टेकले. मग त्यांनी कपड्यांची बादली घेऊन माझ्यासमोरून जाण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही. खुर्चीला दोन फूट, पुढे पायांना दीड, आणि माणूस जायला आणखी दीड: पाच फूट. तेव्हापासून पाच फुटांपेक्षा कमी असेल तर मी तिला ड्रॉइंगवर बाल्कनी लिहीत नाही, कपड्यांची दांडी लिहितो. बिल्डर चिडतात. लोकांनी बाल्कन्या बंद केल्या याला "लोकांना नको असतात" असं समजणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी एकदा त्या काकूंकडे जाऊन बसावं.

तिसरा काठ जमिनीवरचा. तुमच्या आत्ताच्या इमारतीत खाली चार स्कूटर, एक कट्टा आणि एखादं झाड असेल. नव्या इमारतीत स्टिल्ट पार्किंग, म्हणजे तळाशी नुसत्या खांबांमधलं पार्किंग, येईल, एकावर एक गाड्या चढवायची यंत्रं येतील, रस्त्याकडे लोखंडी जाळी, फाटक आणि वॉचमनची केबिन. पहिला राहता मजला वर जाईल. तिसऱ्या मजल्यावरून आई भाजीवाल्याशी भाव करू शकतात, दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडू शकतात. आठव्या मजल्यावर फक्त हॉर्न पोचतो. पेठांमधल्या ज्या गल्ल्यांमध्ये वाडे जाऊन अशा इमारती आल्या तिथे मी मुद्दाम संध्याकाळी चालतो. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या जाळ्या, आणि सलग शंभर पावलांत एक उंबरठा लागत नाही. एखाद्या कोपऱ्यावर जुनं किराणा दुकान उरलं असेल तर गल्लीतली सगळी माणसं तिथे उभी असतात.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही हे वाचून सभेत विरोधात मत द्याल. मी लहानपणी वाड्यात राहिलोय. माजघरात दिवसा दिवा लागायचा. संडास सामायिक, तोही चौकापलीकडे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले मातीच्या भिंतींचे वाडे विरघळून बसले, ते माझे आजोबा मरेपर्यंत सांगत होते. मुंबईत बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत तीन पिढ्या राहिल्या. त्यांना ५०० फुटांचं घर मिळत असताना त्यांच्यासमोर सामायिक गॅलरीचं कौतुक करायला जाऊ नये. आणि तुमच्या आईंच्या गुडघ्यांना लिफ्ट हवीच आहे. तीन जिने चढणारी बाई पाच वर्षांनी खाली उतरायचीच बंद होते, मग तो कट्टा काय कामाचा? पुणे २०१६ च्या मानकानुसार भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात येतं, १९८४ च्या बांधकामापेक्षा आजचं बांधकाम त्या बाबतीत सरस असतं. तेव्हा पुनर्विकास कराच. फक्त कशासाठी घासाघीस करायची ते बदला.

मी सोसायटीचा सल्लागार असतो तर सभेत हे मांडलं असतं. ८५० कार्पेट मागू नका. ८०५ कार्पेट आणि हॉलला लागून पाच फूट बाय नऊ फुटांची, म्हणजे ४५ फुटांची उघडी बाल्कनी मागा. बिल्डरच्या एफएसआयच्या हिशेबात जवळपास फरक पडत नाही, कारण त्याला दोन्ही मोजावेच लागतात. त्यामुळे तो फारसा अडणार नाही. अडतील ते तुमचे सभासद. "विकताना कार्पेटवर भाव मिळतो," असं कुणीतरी म्हणेल, आणि ते खोटं नाही. ज्यांना ताबा मिळताच विकायचंय त्यांचं आणि ज्यांना तिथे राहायचंय त्यांचं हित इथे वेगळं आहे. ही गोष्ट सभेत उघड बोलून घ्या, नाहीतर ती तक्त्याआडून निर्णय घेते. बाल्कनीची लांबी-रुंदी करारनाम्यात कार्पेटपासून वेगळी, फुटांत लिहून घ्या.

टेंडरचा तक्ता करताना आणखी काही रकाने वाढवा: प्रत्येक खिडकीवर छज्जा किती इंच, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला काय वापरणार, खिडकी उघडल्यावर किती भाग खरोखर उघडतो. दोन ट्रॅकची स्लायडिंग म्हणजे निम्मीच खिडकी. तुमची लाकडी खिडकी पूर्ण उघडते, म्हणजे नवी खिडकी दुप्पट मोठी असली तरच हिशेब बरोबरीत सुटतो. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर तिला मी खिडकी धरत नाही, खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास यायची ती सोय आहे.

आणि प्लॅनवर भुलू नका, सेक्शन मागा. इमारत सुरीने उभी कापली तर कशी दिसेल ते ड्रॉइंग. त्यात शेजारच्या इमारतीची उंची आणि मधलं अंतरही काढून मागा. मुंबईत प्लेगनंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. साध्या भाषेत, इमारतीची जेवढी उंची त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर हवी, म्हणजे खालच्या खोलीतूनही आभाळ दिसतं. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींतले रस्ते अजून उजेडाचे वाटतात ते काही फक्त झाडांमुळे नाही. आजचे मार्जिन इतके उदार नाहीत, त्यामुळे तुमच्या बाजूच्या खिडकीतून किती आभाळ दिसणार ते कागदावर पट्टी ठेवून बघा. दिसतच नसेल तर वरचा मजला मागून घ्या, किंवा रस्त्याकडची बाजू. पार्किंगबद्दल एकच मागणी करा: फाटकाच्या आत रस्त्याकडे तोंड करून आठ बाय दहाचा ओटा, आणि आत्ताचं झाड राहणार असेल तर ते त्या ओट्याशेजारी. झाड वाचवायचं तर तळघराची रेषा आत्ताच सरकवा. एकदा खड्डा खणून मुळं तुटली की झाड कागदावर तेवढं उरतं.

आईंना त्या सँपल फ्लॅटवर परत घेऊन जा. सकाळी अकराला नको, दुपारी साडेचारला, आणि एसी आधीच बंद करायला सांगा. गॅलरीतली त्यांची खुर्ची गाडीत टाकून न्या आणि ती कुठे मांडावीशी वाटते ते त्यांनाच ठरवू द्या. जिथे मांडतील तिथली लांबी-रुंदी मोजून मला कळवा. सोबत प्लॅनही पाठवा, पण उत्तर दिशेचा बाण असलेला. ब्रोशरमधल्या प्लॅनवर तो बहुतेक वेळा नसतो.